अल्बर्ट लुथुली : न्याय मागणारी शांतता

ज्यांच्या हातात जमीन, पोलीस आणि न्यायालये असतात त्यांना शांतता फार प्रिय असते. पाणवठ्यावर हक्क सांगणारा, कामाची मजुरी मागणारा, अत्याचाराची फिर्याद द्यायला ठाण्याची पायरी चढणारा माणूस त्यांच्या लेखी शांततेचा भंग करणारा ठरतो. आपल्या कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. गावात सलोखा राहिला पाहिजे असे सांगून फिर्याद मागे घ्यायला लावणारे पुढारी तालुक्यातालुक्यात भेटतात. त्यामुळे शांतता हा शब्द कानावर पडला की शोषितांच्या मनात संशय येतो, आणि तो रास्तच आहे. परंतु याच शब्दासाठी सारे आयुष्य वेचणारा आणि तरीही सत्तेपुढे तसूभरही न झुकणारा एक माणूस दक्षिण आफ्रिकेत होऊन गेला. त्याचे नाव अल्बर्ट लुथुली. नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारा हा पहिला आफ्रिकन. मंडेलांचे नाव आपल्याकडे घराघरात पोहोचले. ज्यांच्या नेतृत्वाखाली मंडेला घडले ते लुथुली मात्र आपल्या वाचनात फारसे येत नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

लुथुलींचा जन्म १८९८ च्या सुमारास आजच्या झिम्बाब्वेतील बुलावायोजवळच्या सोलुसी मिशनवर झाला. नक्की तारीख त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. ज्यांच्या जन्माची नोंद ठेवण्याची कोणालाच गरज वाटत नाही अशा घरांतली ही गोष्ट आपल्या पिढ्यांनाही परिचित आहे. वडील मिशनमध्ये काम करीत. मूल काही महिन्यांचे असतानाच ते वारले. आई म्तोन्या मुलाला घेऊन यथावकाश नाताळ प्रांतातील ग्राउटव्हिल या आपल्या लोकांच्या गावी परतली. तिने लोकांचे कपडे धुतले, भाजीपाला पिकवला आणि त्या पैशांतून मुलाला शिकवले. मुलगा काका मार्टिन यांच्या घरी वाढला. हे काका त्या वस्तीचे निवडून आलेले प्रमुख होते. म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस कसा वागतो, तंटे कसे ऐकतो, निवाडा कसा देतो, याचे शिक्षण त्या मुलाला घरातच मिळाले.

ग्राउटव्हिल हे गाव अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने वसवले होते. याच संस्थेच्या मराठी मिशनने अहमदनगरला शाळा काढल्या. तेथील मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाचा विचार पक्का झाला, हे आपण जाणतोच. त्याच संस्थेने नाताळमध्ये अ‍ॅडम्स कॉलेज चालवले आणि तेथे लुथुली आधी विद्यार्थी व मग शिक्षक झाले. त्यांना उच्च शिक्षणासाठी फोर्ट हेअर येथील शिष्यवृत्ती मिळत होती. आईने फार काबाडकष्ट केले, आता आपण कमवून तिला विसावा द्यायचा, असे म्हणून त्यांनी ती नाकारली. अ‍ॅडम्समध्ये त्यांनी झुलू भाषा आणि संगीत शिकवले. १९२७ मध्ये सहशिक्षिका नोकुखान्या भेंगू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शिक्षकांच्या संघटनेचे ते चिटणीस झाले, पुढे अध्यक्ष झाले. चर्चमध्ये ते उपदेश करीत, पण पगारी पाद्री नव्हते. सरळमार्गी, सुखवस्तू म्हणावे असे हे जीवन होते.

या जीवनाला वळण लागले ते ग्राउटव्हिलच्या लोकांनी त्यांना प्रमुखपदासाठी बोलावले तेव्हा. शिक्षकाचा चांगला पगार सोडायचा आणि नाममात्र मानधनावर गावगाडा ओढायचा, हा निर्णय सोपा नव्हता. त्यांना तो घ्यायला बराच काळ लागला. १९३६ च्या आरंभी त्यांनी पदभार स्वीकारला आणि पुढची १७ वर्षे सुमारे ५ हजार लोकवस्तीचा कारभार पाहिला. गावाच्या सभेत त्यांनी स्त्रियांना जागा दिली. छोट्या ऊस उत्पादकांची संघटना उभी केली.

पण या १७ वर्षांत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आपण बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांत समेट घडवतो. परंतु बांधाला बांध का लागून आहे? १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील बहुसंख्य काळ्या लोकांच्या वाट्याला एकूण जमिनीपैकी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ च्या कायद्याने हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरवले. त्याच वर्षी केप प्रांतातील आफ्रिकनांना सर्वसाधारण मतदार यादीतून काढून टाकले गेले. जमीन नाही, मत नाही, आणि उपाशी माणसे आपसांत भांडतात म्हणून त्यांना शांततेचा उपदेश! भांडणाचे मूळ वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावरचा समेट किती दिवस टिकणार? खरी शांतता हवी असेल तर न्याय मागावा लागेल आणि न्याय मागितला की सत्तेशी संघर्ष अटळ आहे, हे सत्य त्यांना पुस्तकाने शिकवले नाही. गावच्या कारभाराने शिकवले.

१९३८ मध्ये मद्रासजवळच्या तांबरम येथे ख्रिस्ती मिशनांची जागतिक परिषद भरली होती. तिला लुथुली प्रतिनिधी म्हणून आले. १९४८ मध्ये त्यांनी अमेरिकेत अनेक महिने व्याख्याने दिली. जग पाहिलेला हा माणूस मायदेशी परतला तेव्हा तेथे नॅशनल पक्षाचे सरकार आले होते आणि वर्णभेदाला, ज्याला ते अपार्थाइड म्हणत, राज्याचे अधिकृत धोरण बनवण्यात आले होते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. या सरकारचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला बायबलचा आधार शोधून दिला. म्हणजे एकाच ग्रंथाचे दोन उपदेशक समोरासमोर उभे होते. एकाला त्यात माणसामाणसांत भिंत घालण्याचा आदेश दिसत होता. दुसऱ्याला प्रत्येक माणूस देवाचे लेकरू असल्याचा दाखला दिसत होता. धर्माची पारख ग्रंथाच्या थोरवीने होत नाही. तो धर्म शेजारच्या माणसाला कोणत्या पंक्तीला बसवतो, यावरून ती होते. लुथुली स्वतःच्या धर्माला हाच प्रश्न विचारीत राहिले. मिशनरी मंडळींनाही ते खडसावत. चर्चने अन्यायापुढे मौन पाळले तर तरुण चर्चकडे पाठ फिरवतील, हा त्यांचा इशारा होता. पुढे १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले. लुथुलींच्या मृत्यूला तेव्हा १५ वर्षे झाली होती.

१९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये भयंकर दंगल झाली. ही दंगल गोऱ्यांशी नव्हती. आफ्रिकन आणि भारतीय वंशाचे लोक एकमेकांवर तुटून पडले. सरकारी आकड्यानुसार १४२ माणसे मेली. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८६० पासून आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आणि जमिनीवरून हुसकावले गेलेले आफ्रिकन, हे दोघेही एकाच जात्यात भरडले जात होते. पण एकाला दुसरा शत्रू वाटत होता. शोषितांना आपसांत झुंजवण्याची ही कला आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. या जखमेवर नाताळ प्रांतात ज्यांनी फुंकर घातली त्यांत लुथुली पुढे होते. डॉ. मॉन्टी नायकर आणि नाताळ इंडियन काँग्रेसचे कार्यकर्ते यांच्याशी त्यांनी जे सख्य जोडले ते अखेरपर्यंत टिकले. १९५१ मध्ये ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नाताळ प्रांताध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, २६ जून १९५२ रोजी, अन्यायी कायदे जाणूनबुजून मोडण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या दारातून आत जायचे, त्यांच्या बाकावर बसायचे, पोलीस आले की निमूट तुरुंगात जायचे. ८ हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी सनातन्यांनी आपल्या लोकांवर हल्ला केला, डोकी फोडली. तेव्हा प्रतिकाराला सज्ज असलेल्या शेकडो तरुणांना बाबासाहेबांनी आवरले. ती भीती नव्हती. हक्काचा लढा दंगलीच्या चिखलात रुतू नये, हे त्यामागचे भान होते. लुथुलींची अहिंसा याच जातकुळीची.

मोहिमेमुळे सरकार चवताळले. लुथुलींना प्रिटोरियाला बोलावून दोन पर्याय देण्यात आले : काँग्रेस सोडा किंवा प्रमुखपद सोडा. प्रमुख हा सरकारचा नोकर आहे, त्याने सरकारविरुद्ध उभे राहता कामा नये, असा अधिकाऱ्यांचा दावा होता. लुथुलींनी काहीच सोडले नाही. प्रमुख हा आधी लोकांचा सेवक असतो. लोकांसाठी लढणे हे त्या पदाच्या विरुद्ध नसून त्या पदाचे कर्तव्यच आहे, अशी त्यांची भूमिका होती. नोव्हेंबर १९५२ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले. त्यावर त्यांनी जे निवेदन काढले त्यात स्वातंत्र्याचा मार्ग क्रुसावरून जातो अशी मांडणी केली. अनेक वर्षे बंद दारावर धीराने, सौम्यपणे थाप मारून पाहिली, हाती काय लागले, असा रोखठोक प्रश्नही त्यात केला. उपहास, तुरुंग, फटके, हद्दपारी, प्रसंगी मरणही येऊ शकते, याची कल्पना त्यांनी स्वतःला आणि आपल्या लोकांना त्याच वेळी दिली होती. महिन्याभरात, डिसेंबर १९५२ मध्ये, ते काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष निवडले गेले. सरकारने काढून घेतलेली पदवी लोकांनी मात्र काढून घेतली नाही. मरेपर्यंत ते सर्वांचे चीफच राहिले.

यानंतरची १५ वर्षे म्हणजे बंदीहुकुमांची मालिका आहे. १९५३ मध्ये पहिला हुकूम आला. तो संपताच १९५४ मध्ये ते जोहान्सबर्गला विमानाने गेले. सोफियाटाउन या वस्तीतून काळ्या कुटुंबांना उठवण्याचा डाव होता, त्याच्या निषेधाची सभा होती. विमानतळावरच त्यांच्या हातात दुसरा हुकूम ठेवण्यात आला. दोन वर्षे आपल्या गावच्या परिसराबाहेर पाऊल टाकायचे नाही. काँग्रेसच्या अध्यक्षाने काँग्रेसच्या सभेला जायचे नाही! १९५५ मध्ये क्लिपटाउन येथे लोकांच्या महासभेने स्वातंत्र्याची सनद मंजूर केली, तेव्हा लुथुली घरी स्थानबद्ध होते. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डिसेंबर १९५६ मध्ये १५६ कार्यकर्त्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडले, त्यांत ते होते. वर्षभराने त्यांच्यावरील आरोप मागे घेतले गेले. उरलेल्यांनाही १९६१ मध्ये न्यायालयाने निर्दोष ठरवले. दरम्यान ज्या अ‍ॅडम्स कॉलेजने त्यांना घडवले त्याला सरकारच्या बांटू शिक्षण कायद्यामुळे १९५६ मध्ये टाळे लागले. काळ्यांना मजुरीपुरतेच शिक्षण द्यायचे, असे त्या कायद्याचे तत्त्व होते. मनूचा कायदा एकाच देशात जन्मतो असे नाही.

आणि या सगळ्या काळात घर कोण चालवत होते? नोकुखान्या. सात लेकरे, शेती, ऊस, भाजीपाला, पोलिसांच्या धाडी, पाहुण्यांची रीघ. एकेकाळची ही शिक्षिका पहाटे शेतात जाई आणि तिच्या कष्टांवर काँग्रेसच्या अध्यक्षाचे घर उभे राही. चळवळीच्या इतिहासात अशा स्त्रियांची नावे शेवटच्या ओळीत येतात. लुथुलींनी मात्र हे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते.

विरोध केवळ सरकारचा नव्हता. १९५८ मध्ये प्रिटोरियात गोऱ्या श्रोत्यांपुढे ते बोलायला उभे राहिले असताना गोऱ्या गुंडांनी व्यासपीठावर चढून त्यांना मारहाण केली. गोंधळ थांबल्यावर साठीला आलेला हा माणूस उठला आणि त्याने आपले भाषण पूर्ण केले. १९५९ मध्ये त्यांच्या सभांना गोरे लोकही मोठ्या संख्येने येऊ लागले. सरकारला खरी भीती वाटली ती याची. लगेच पाच वर्षांचा नवा बंदीहुकूम निघाला. दुसरीकडे आपल्याच माणसांचाही राग होता. गोऱ्यांशी, भारतीयांशी, साम्यवाद्यांशी हातमिळवणी कशाला, असा आक्षेप घेत एक गट बाहेर पडला आणि १९५९ मध्ये रॉबर्ट सोबुक्वे यांच्या नेतृत्वाखाली पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस स्थापन झाली. त्या तरुणांचा संताप खोटा नव्हता. परंतु उद्याच्या देशात आज छळणाऱ्याच्या मुलांनाही जागा असली पाहिजे, या भूमिकेवरून लुथुली हलले नाहीत. वर्णद्वेषाला उलटा वर्णद्वेष हे उत्तर नाही, हे त्यांनी टाळ्या मिळणार नाहीत अशा सभांतही सांगितले.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसे मारली गेली. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. हे आंदोलन प्रतिस्पर्धी संघटनेचे होते. लुथुलींनी श्रेयाचा हिशेब केला नाही. काही दिवसांतच प्रिटोरियात त्यांनी स्वतःचा पास जाहीरपणे जाळला आणि २८ मार्च हा दिवस शोकदिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले. देशभर कामगार घरी बसले. ३० मार्चला त्यांना अटक झाली. तुरुंगात पहारेकऱ्याने या आजारी, वृद्ध नेत्यावर हात टाकला. ८ एप्रिलला काँग्रेसवरच बंदी आली. अहिंसेचे पथ्य पाळणाऱ्या संघटनेला कायद्याने मारले गेले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये १९६० सालचे नोबेल शांतता पारितोषिक लुथुलींना जाहीर झाले. सरकारने नाक मुरडले; मोठ्या नाराजीने जेमतेम दहा दिवसांची परवानगी दिली. १० डिसेंबर १९६१ रोजी ओस्लो येथे ते झुलू प्रमुखाच्या पारंपरिक वेशात उभे राहिले. ज्या सरकारने प्रमुखपद हिरावले होते त्याला याहून सणसणीत उत्तर कोणते? पारितोषिकाच्या पैशातून पुढे स्वाझीलँडमध्ये शेतजमीन घेतली गेली आणि नोकुखान्या तेथेही राबल्या.

परंतु पारितोषिक स्वीकारल्यानंतर सहाव्याच दिवशी, १६ डिसेंबरला, दक्षिण आफ्रिकेत स्फोट झाले. मंडेला आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या उम्खोंतो वे सिझ्वे या सशस्त्र दलाचे काम सुरू झाले होते. लुथुलींची याला संमती होती का? मंडेलांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की बऱ्याच चर्चेनंतर असे स्वतंत्र दल काढायला त्यांनी मान्यता दिली. काही अभ्यासकांना हे पटत नाही. लुथुली अखेरपर्यंत शस्त्राच्या मार्गाविरुद्धच होते, असे ते म्हणतात. हा वाद मिटलेला नाही. एवढे निश्चित की स्वतः लुथुलींनी शस्त्राचा पुरस्कार केला नाही. आणि तितकेच निश्चित हे की जून १९६४ मध्ये मंडेला व त्यांचे सहकारी जन्मठेपेवर गेले तेव्हा लुथुलींनी त्यांचा धिक्कारही केला नाही. शांततेचे सर्व दरवाजे ज्या सत्तेने स्वतः बंद केले तिने या शूर माणसांना दोष देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. स्वतः हात न उचलणे आणि अगतिक होऊन हात उचलणाऱ्याला जुलमी सत्तेच्या रांगेत न बसवणे, ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी सांभाळणे फार कठीण असते. आपल्याकडचे शांततेचे ठेकेदार नेमके येथेच घसरतात. त्यांना दगड दिसतो, बहिष्कार दिसत नाही.

बहिष्काराचे हत्यार लुथुलींनी उलट दिशेनेही वापरले. दक्षिण आफ्रिकेच्या मालावर जगाने बहिष्कार टाकावा, असे आवाहन त्यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह ब्रिटिश जनतेला केले. त्याची झळ गरीब काळ्यांनाही बसेल हे ते जाणून होते. १९६२ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत त्यांनी जगभरच्या लोकांना वर्णभेदाविरुद्ध कृतीची हाक दिली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पण त्यांच्याच देशात ते वाचण्याची सोय नव्हती. नव्या कायद्याने बंदी घातलेल्या व्यक्तींचे शब्द छापणे हा गुन्हा ठरवला होता. जगाने गौरवलेल्या माणसाचे एक वाक्यही त्याच्या देशातील वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते. ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर निवडले. त्यांना जाता आले नाही. १९६४ मध्ये आणखी पाच वर्षांची बंदी आली. जून १९६६ मध्ये अमेरिकन सिनेटर रॉबर्ट केनेडी हेलिकॉप्टरने ग्राउटव्हिलला येऊन त्यांना भेटून गेले.

२१ जुलै १९६७ रोजी घराजवळच्या उम्वोती नदीवरील रेल्वे पुलाजवळ लुथुली जबर जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. मालगाडीची धडक बसली, कोणाचाही दोष नाही, असे त्या वर्षीच्या चौकशीने ठरवले. कुटुंबाने ते कधीच मानले नाही. नोकुखान्या १९९६ मध्ये वारल्या. त्यांच्या हयातीत उत्तर मिळाले नाही. अखेर २०२५ मध्ये ही चौकशी पुन्हा उघडली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला : लुथुलींचा मृत्यू अपघाताने नव्हे, मारहाणीने झाला, सुरक्षा पोलिसांनी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांशी संगनमत करून हे कृत्य केले. ५८ वर्षांनी सत्य न्यायालयाच्या कागदावर आले. ज्यांनी ते केले त्यांना शिक्षा देण्याची वेळ मात्र निघून गेली होती.

ज्या माणसाने कधी कोणावर हात उचलला नाही त्याला मारावे असे सत्तेला का वाटले असेल? कारण तो शांत होता, पण गप्प नव्हता. हातात दगड असलेल्या माणसाला गोळी घालून जगापुढे समर्थन करता येते. पण जो हक्काचा एक कणही सोडत नाही, द्वेषाचा एक शब्दही बोलत नाही आणि तुरुंगाला भीत नाही, त्याच्यापुढे सत्तेजवळ उत्तर नसते. म्हणून उद्या कोणी आपल्या वस्तीत येऊन शांततेचे आवाहन करील तेव्हा त्याला एवढेच विचारावे : तुमच्या शांततेत आमची जमीन, आमचे मत, आमची फिर्याद आणि आमचा मान आहे का? असेल तर त्या शांततेसाठी आपण सर्वांत पुढे उभे राहू. नसेल तर पदही न सोडणारे आणि चळवळही न सोडणारे चीफ लुथुली आठवावेत आणि आपली फिर्याद मागे घेऊ नये.